कॉर्नफ्लोअरचा पुडा उघडला आहे. स्वयंपाकात आणि घरात त्याचा नेमका उपयोग कसा करावा?

सांजवेळ (प्रश्न)

नमस्कार. गेल्या महिन्यात नातवाच्या वाढदिवसाला फ्रूट कस्टर्ड आणि मंचुरियन असा बेत ठरला, म्हणून कॉर्नफ्लोअरचा अर्धा किलोचा पुडा आणला. त्यातले जेमतेम सात-आठ चमचे संपले आणि उरलेला पुडा रबर लावून फडताळात पडून आहे. नाशिकची पावसाळी हवा पाहता तो फार दिवस चांगला राहील असे वाटत नाही, आणि चांगले पीठ टाकून देणे जिवावर येते.

त्यातच दोन्ही पदार्थ मनासारखे झाले नाहीत. कस्टर्ड पावडर घरात नव्हती, म्हणून एक लिटर दूध, साखर, व्हॅनिला इसेन्स आणि पोहे खायच्या चमच्याने चार चमचे कॉर्नफ्लोअर एवढ्यावर कस्टर्ड केले. रात्री ते सुरेख दाटले होते. त्यातच फळे घालून पातेले फ्रिजमध्ये ठेवले, तर सकाळी कडेने पाणी सुटलेले आणि मधला भाग ताकासारखा पातळ झालेला. मंचुरियनच्या रश्श्यात पांढऱ्या गुठळ्या झाल्या, त्या डावाने चेपूनही मोडल्या नाहीत, आणि उरलेला रस्सा दुसऱ्यांदा उकळल्यावर आणखीच सैल झाला.

माझ्या थोरल्या जावेचे म्हणणे असे की कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचेच पीठ, भाकरीत घालून संपवून टाक. शेजारच्या काकू म्हणतात की ते आरारूटच असते, उपवासालाही चालते. दोघींपैकी कोणाचे बरोबर, हे कळत नाही. याशिवाय कपड्यांना खळ करणे, तेलाचे डाग काढणे, काचा पुसणे असे अनेक घरगुती उपयोग वाचनात येतात. त्यांतले कोणते खरोखर उपयोगी पडतात? आपण स्वतः करून पाहिले असेल तेवढेच कृपया लिहावे, म्हणजे मला विश्वासाने करता येईल.

चुलीपाशी

सांजवेळताई, आपल्या जाऊबाई आणि शेजारच्या काकू, दोघींचेही म्हणणे बरोबर नाही. कॉर्नफ्लोअर हे मक्याचे पीठ नव्हे, तो मक्याचा चीक आहे. उन्हाळ्यात कुरडयांसाठी आपण गहू तीन दिवस भिजत घालतो, रोज पाणी बदलतो, मग वाटून, पिळून, फडक्यातून गाळतो आणि ते पांढरे पाणी रात्रभर न हलवता ठेवतो. सकाळी वरची निवळी ओतून दिली की तळाशी जो घट्ट, पांढराशुभ्र थर राहतो, तोच चीक. कारखान्यात मक्याचे याच रीतीने करतात. दाणे साधारण ५० अंश तापमानाच्या पाण्यात ३० ते ५० तास भिजवतात, अंकुर वेगळा करून त्याचे तेल काढतात, साल आणि प्रथिने बाजूला करतात आणि राहिलेला चीक वाळवून पुड्यात भरतात. मक्याचे पीठ म्हणजे अख्खा दाणा दळलेला. ते पिवळसर आणि थोडे रवाळ असते. कॉर्नफ्लोअर चिमटीत धरून दाबले तर बोटांना करकर जाणवते, ती खूण कधी चुकत नाही. भाकरीत मात्र घालू नये. त्याला ना चव, ना चिवटपणा, भाकरी थापताना कडेने फाटत जाते.

आता गुठळ्यांचे. चीक शिजवताना आपण काय करतो ते आठवावे. पाण्याला उकळी आणतो, चीक आधी पाण्यात सारखा करून घेतो, मग बारीक धार धरतो आणि दुसऱ्या हाताने घोटणे थांबवत नाही. कॉर्नफ्लोअरलाही हेच लागते. एक चमचा पिठाला दोन चमचे गार पाणी घ्यावे, ऊन पाणी चुकूनही घेऊ नये. ऊन पाण्यात पिठाच्या गोळीचे बाहेरचे कण लगेच शिजतात, त्यांचे चिकट कवच होते आणि आतले पीठ कोरडेच राहते. आपल्या गुठळ्या डावाने मोडल्या नाहीत त्या यामुळे. दुसरी गोष्ट म्हणजे कालवलेले पीठ वाटीत दोन मिनिटे ठेवले तरी तळाशी दगडासारखे बसते, म्हणून धार धरण्यापूर्वी ते पुन्हा तळापासून ढवळून घ्यावे. रस्सा दाटला म्हणून लगेच गॅस बंद करू नये. एक-दोन मिनिटे खदखदू द्यावा. दुधाळ पांढरेपणा जाऊन चकाकी आली म्हणजे पीठ शिजले. कुरडईचा चीक शिजल्याची खूणही हीच आहे.

प्रमाण म्हणाल तर एक लिटर सूपला पोहे खायचे दोन चमचे पुरतात. मंचुरियनसारख्या दाट रश्श्याला एका पेल्याला एक चमचा लागतो. आपले कस्टर्डचे प्रमाण योग्य होते, त्यामुळे ते बिघडण्याचे कारण वेगळे असले पाहिजे.

तळणीतही कॉर्नफ्लोअर चांगले काम करते. फ्लॉवर किंवा पनीर तळायचे असेल तर आधी त्यावर कोरडे कॉर्नफ्लोअर भुरभुरावे, म्हणजे अंगचे पाणी शोषले जाते, आणि मग मैदा व कॉर्नफ्लोअर समभाग घेऊन केलेल्या पातळसर पिठात बुडवावे. नुसत्या मैद्याचे कवच गार झाल्यावर चिवट होते, कॉर्नफ्लोअरमध्ये तो चिवटपणा देणारा घटकच नसल्यामुळे कवच कुरकुरीत राहते. बटाट्याच्या कटलेटच्या सारणात एक चमचा घातला तर कटलेट तेलात फुटत नाही. कांदाभजीला मात्र मी आजही तांदळाचे पीठच घालते. त्याचा खुसखुशीतपणा कॉर्नफ्लोअरने येत नाही, असे माझे इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरचे मत आहे. आणि एक कळकळीची विनंती: बासुंदीत आणि रबडीत कॉर्नफ्लोअर घालू नये. दूध आटल्यावर जी खमंग गोडी येते ती पिठाच्या दाटपणाने येत नाही, आणि जिभेवर पिठूळपणा राहतो तो निराळाच.

शाळामास्तर

मी माध्यमिक शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. चुलीपाशी यांनी कृती अचूक सांगितली आहे. तिच्यामागची कारणे मांडतो, म्हणजे कस्टर्ड का बिघडले याचाही उलगडा होईल.

मक्याच्या स्टार्चचे, म्हणजे वर सांगितलेल्या चिकाचे, कण अतिशय बारीक, साधारणपणे ५ ते २५ मायक्रॉन आकाराचे असतात. गार पाण्यात ते विरघळत नाहीत, फक्त तरंगतात आणि तळाशी बसतात. पाणी ६२ ते ७२ अंशांपर्यंत तापले की कण पाणी पिऊन फुगू लागतात, आणि तापमान उकळीच्या जवळ जाते तेव्हा त्यांतून लांब साखळ्यांसारखे रेणू बाहेर पडून पाण्यात पसरतात. दाटपणा येतो तो फुगलेले कण आणि पसरलेल्या साखळ्या या दोहोंमुळे. या रेणूंचे दोन प्रकार आहेत. सरळ साखळीच्या अमायलोजचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश असते आणि उरलेले फांद्या फुटलेले अमायलोपेक्टिन असते. पदार्थ गार झाला की अमायलोजच्या साखळ्या एकमेकींना घट्ट धरतात, म्हणून गरम असताना वाहते असलेले कस्टर्ड गार झाल्यावर सुरीने कापण्याइतके घट्ट बसू शकते. मात्र ही पकड दिवसागणिक आवळत जाते आणि मधले पाणी बाहेर पिळले जाते. फ्रिजमध्ये ठेवलेल्या कस्टर्डच्या कडेला दिसणारे पाणी ते हेच. फ्रीझरमध्ये ठेवून पुन्हा वितळवले तर हा परिणाम फार जास्त होतो, त्यामुळे कॉर्नफ्लोअरने दाट केलेले पदार्थ गोठवू नयेत.

आता मधला भाग ताकासारखा पातळ का झाला, ते पाहू. एक कारण फळांचे. साखरेच्या सान्निध्यात चिरलेली फळे रात्रभरात बरेच पाणी सोडतात. म्हणून फळे वाढण्यापूर्वी अर्धा तास घालावीत. दुसरे कारण अनेकांच्या लक्षात येत नाही. आपण साखर पुरे झाली का हे पाहण्यासाठी चमच्याने चव घेतली आणि तोच चमचा पुन्हा पातेल्यात घातला, असे झाले असेल का? आपल्या लाळेत अमायलेज नावाचे विकर असते आणि ते स्टार्चच्या साखळ्या तोडते. मी वर्गात दरवर्षी हा प्रयोग करून दाखवत असे. कॉर्नफ्लोअरची सारखी दाट पेज दोन वाट्यांत कोमट करून घ्यायची, एकीत तोंडात घोळवलेल्या चमच्याने दोन-चार फेरे द्यायचे आणि दुसरीत कोरड्या चमच्याने. दहा-पंधरा मिनिटांत पहिल्या वाटीतली पेज पाण्यासारखी सैल होते आणि मुले ती वाटी तिरकी करून पुन्हा पुन्हा पाहत राहतात. कोमट कस्टर्डच्या पातेल्यातही रात्रभर हेच घडू शकते. कच्च्या अंड्याच्या पिवळ्या बलकातही हे विकर असते. त्यामुळे अंडे घातलेले कस्टर्ड नीट उकळी येईपर्यंत शिजवावे, म्हणजे विकर निकामी होते. तिसरे कारण ढवळण्याचे आहे. एकदा गार होऊन बसलेले कस्टर्ड जोराने घोटले तर साखळ्यांचे जाळे मोडते आणि ते पुन्हा तसे बसत नाही.

मंचुरियनचा रस्सा दुसऱ्या उकळीत सैल झाला तो व्हिनेगरमुळे. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की साखळ्यांचे तुकडे होतात. यासाठी व्हिनेगर किंवा लिंबू नेहमी गॅस बंद करण्याच्या सुमारास घालावे, आणि असा रस्सा परत गरम करताना उकळू नये.

पौष्टिकतेविषयी सांगायचे तर १०० ग्रॅम कॉर्नफ्लोअरमध्ये सुमारे ९० ग्रॅम कर्बोदके असतात आणि प्रथिने नावापुरती. ज्यांना गव्हातील ग्लुटेन चालत नाही त्यांना ते उपयोगी पडते, परंतु मधुमेह असलेल्यांनी रश्श्यातले चमचेही हिशेबात धरावेत.

आणखी एक उपयोगी माहिती देतो. खव्यात किंवा पनीरमध्ये स्टार्च मिसळला आहे का, हे घरी पाहता येते. थोडासा नमुना पाण्यात उकळून पूर्ण गार करावा आणि त्यात टिंक्चर आयोडिनचे दोन-तीन थेंब टाकावेत. निळा रंग आला तर स्टार्च आहे. तपासलेला नमुना अर्थातच टाकून द्यावा. आरारूट आणि कॉर्नफ्लोअर ओळखायला मात्र ही चाचणी निरुपयोगी आहे, कारण दोन्ही निळेच होतात.

दूरदेशी

मी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ राहते आणि माझी बहीण अमेरिकेत असते, त्यामुळे नावाचा घोटाळा आम्ही दोघींनी अनुभवला आहे. इंग्लंडमध्ये आणि भारतात ज्याला कॉर्नफ्लोअर म्हणतात त्याला अमेरिकेत कॉर्नस्टार्च म्हणतात. आणि अमेरिकेत कॉर्नफ्लोअर या नावाने मिळते ते बारीक दळलेले मक्याचे पीठ. बहिणीने तिकडे गेल्यावर पहिल्याच महिन्यात मराठी पाककृती पाहून त्या पिठाचे कस्टर्ड केले आणि पातेलेभर पिवळी, रवाळ खीर तयार झाली. परदेशातल्या मंडळींनी पाककृती कोणत्या देशातली आहे हे आधी पाहावे.

मक्यापासून स्टार्च वेगळा करण्याची व्यवहार्य पद्धत टॉमस किंग्सफर्ड यांनी अमेरिकेत न्यू जर्सी येथे १८४२ मध्ये बसवली, आणि सुरुवातीला तो स्टार्च खाण्यासाठी नव्हे, तर कपड्यांच्या खळीसाठी विकला जात होता. बर्मिंगहॅममधले ॲल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये, पत्नीला अंडी सोसत नसल्यामुळे, बिनअंड्याची कस्टर्ड पावडर तयार केली. आज बाजारात मिळणारी कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः कॉर्नफ्लोअर, त्यात रंग आणि व्हॅनिलाचा स्वाद. तेव्हा सांजवेळताई, आपण घरी केलेले मिश्रण मुळात चुकीचे नव्हतेच.

भरजरी

खळीविषयी मी लिहिते, कारण तीस वर्षे नोकरीवर रोज सुती साडी नेसून गेले आणि प्रत्येक साडीला घरीच खळ केली. पूर्वी आई साबुदाण्याची किंवा भाताच्या पेजेची खळ करायची. कॉर्नफ्लोअरची खळ तिच्यापेक्षा सोपी पडते, कारण वाटणे-घोटणे नाही.

पोहे खायचा एक चमचा शीग लावून कॉर्नफ्लोअर अर्धी वाटी गार पाण्यात कालवावे, लिटरभर उकळत्या पाण्यात धार धरून ओतावे आणि दोन मिनिटे शिजवावे. पांढरे पाणी पारदर्शक झाले पाहिजे. न झाल्यास साडीवर पीठ दिसेल. मग ही खळ जुन्या मलमलच्या फडक्यातून गाळून अर्ध्या बादली पाण्यात मिसळावी. गाळणे टाळू नये, विशेषतः काळ्या, जांभळ्या, गर्द हिरव्या साडीला. गाळले नाही तर वाळल्यावर जागोजाग पांढरे ओघळ दिसतात. साडी आधी स्वच्छ धुऊन, ओलसर असतानाच बादलीत घालावी, पदर आणि काठ हाताने चोळून दोन-तीन वेळा वर-खाली करावी, हलके पिळून सावलीत उलटी वाळत घालावी. वाळत घालताना दोन्ही काठ दोघींनी धरून ताणले तर इस्त्रीचे निम्मे काम तिथेच होते. इस्त्रीपूर्वी पाणी शिंपडून साडी तासभर गुंडाळून ठेवावी. कडकडीत कोरड्या साडीवर तापलेली इस्त्री फिरवली तर खळ करपते, इस्त्रीच्या तळाला तपकिरी थर चिकटतो आणि पुढच्या साडीवर डाग पडतो.

दोन गोष्टी आवर्जून सांगते. पावसाळ्यात खळ करू नये. कापड दमट राहते, कुबट वास येतो आणि बुरशी धरते. तसेच खळ असलेली साडी महिनोन्‌महिने कपाटात ठेवू नये. कसर स्टार्च खायला येते आणि घडीच्या रेषेवर कापड खाते. शिवाय कडक घडीवर सूत तुटते. माझी आईची आठवण असलेली एक नारायणपेठ अशीच घडीवर विरली, तेव्हापासून ठेवणीतल्या साड्या मी खळ धुऊन काढूनच ठेवते.

हीच खळ जरा दाट केली, म्हणजे चार चमचे पाण्याला एक चमचा कॉर्नफ्लोअर घेऊन शिजवली, तर कागद चिकटवायला उत्तम होते. आमच्याकडे आकाशकंदील अजूनही घरी करतात. जिलेटीनचा कागद तिने नीट चिकटत नाही, पण पतंगी कागद सुरेख बसतो आणि मुलांच्या हाताला-तोंडाला लागली तरी काळजी नसते. दोन दिवसांत ती आंबते, म्हणून लागेल तेवढीच करावी.

तेलातुपाच्या ताज्या डागावर कोरडे कॉर्नफ्लोअर दाबून अर्धा-पाऊण तास ठेवले आणि झटकून मग साबण लावला, तर डाग पुष्कळ फिका होतो. लग्नाच्या पंगतीत साडीवर तूप सांडले तेव्हा याचा मला उपयोग झाला आहे. रेशमी वस्त्रावर आधी आतल्या कोपऱ्यात करून पाहावे. हळदीच्या आणि रश्श्याच्या डागाला याचा काहीही उपयोग होत नाही, कारण तिथे तेलाबरोबर रंगही मुरलेला असतो. काचा पुसण्याचा उपाय मी करून पाहिला. साध्या पाण्याने आणि वर्तमानपत्राच्या कागदाने पुसल्यावर काच जितकी स्वच्छ होते तितकीच झाली, आणि खिडकीच्या खाचेत पांढरा साका राहिला तो वेगळा काढावा लागला.

पुडा उघडल्यावर पीठ घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत भरावे आणि बरणीवर नाव लिहावे. पुष्कळ घरांत झुरळांसाठी किंवा कॅरमसाठी बोरिक पावडर आणलेली असते. ती दिसायला अगदी अशीच असते आणि पोटात गेली तर विषारी आहे. ती स्वयंपाकघरातल्या फडताळात कधीही ठेवू नये.

शुश्रूषा

मी परिचारिका आहे. घामोळ्यांवर किंवा बाळाच्या मांड्यांच्या सांध्यात कॉर्नफ्लोअर लावावे, असे अनेक जण सांगतात, म्हणून लिहिणे आवश्यक वाटले. टाल्कऐवजी कॉर्नस्टार्च वापरलेली बाळांची पावडर बाजारात आहे हे खरे, परंतु कातडी सोललेली, ओली किंवा खाजरी असेल तर तिथे पीठ लावू नये, डॉक्टरांना दाखवावे. कोणतीही पावडर बाळाच्या तोंडाजवळ झटकू नये. बारीक कण श्वासात जातात. शस्त्रक्रियेच्या हातमोज्यांना आतून स्टार्चची पावडर लावलेली असे. जखमेत राहिलेल्या त्या कणांमुळे आतमध्ये दाह आणि चिकटलेपणा होतो, हे लक्षात आल्यावर अमेरिकेत जानेवारी २०१७ पासून पावडर लावलेल्या हातमोज्यांवर बंदी आली. उघड्या जखमेपासून हे पीठ दूर ठेवावे, एवढेच माझे सांगणे.

रंगपंचमी

घरगुती गुलाल हा एक उपयोग अजून कोणी लिहिलेला नाही. आमच्या सोसायटीत दरवर्षी मुलांसाठी आम्ही तो करतो. बिटाचा रस काढून तो थोडा थोडा कॉर्नफ्लोअरला चोळायचा, सावलीत वाळवायचे, मिक्सरमधून फिरवून मैद्याच्या चाळणीने चाळायचे. फिकट गुलाबी गुलाल होतो आणि पाण्याने सहज धुतला जातो. हळदीचा पिवळा करता येतो, पण तो कपड्यांवर राहतो.

यात धोका मात्र आहे आणि तो सर्वांनी जाणून घ्यावा. स्टार्चची बारीक धूळ हवेत दाट पसरली आणि तिला ज्योत किंवा ठिणगी लागली तर ती एकदम भडकते. तैवानमध्ये २७ जून २०१५ रोजी एका जलक्रीडा उद्यानातल्या रंगांच्या कार्यक्रमात गर्दीवर उधळलेली स्टार्चची रंगीत पावडर पेटली आणि १५ जणांचा मृत्यू झाला; शेकडो तरुण भाजले. म्हणून होळीच्या आगीजवळ, मिरवणुकीतल्या मशालीजवळ, देवघरातल्या समईजवळ किंवा पेटत्या गॅसजवळ हे पीठ कधीही उधळू नये, आणि पुडा गॅसच्या ज्योतीवर झटकू नये. मोकळ्या मैदानात, चिमूटभर हाताने गालाला लावण्यासाठी तो चांगला आहे. यंत्राने फवारण्याची मागणी आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी झाली होती, ती आम्ही ठामपणे नाकारली.

गिरगावकर

पुडा संपवण्याचाच प्रश्न असेल तर हलवा करावा. मुंबईत ज्याला कराची हलवा किंवा बॉम्बे हलवा म्हणतात, तो चिवट, काचेसारखा पारदर्शक हलवा कॉर्नफ्लोअरचाच असतो. माहीमचा पापुद्र्यांचा हलवा वेगळा, त्याची गल्लत करू नये.

एक वाटी कॉर्नफ्लोअर तीन वाट्या गार पाण्यात गुठळी न राहता कालवून ठेवावे. जाड बुडाच्या कढईत अडीच वाट्या साखर आणि एक वाटी पाणी उकळावे, साखर विरघळली की एक लहान चमचा लिंबाचा रस घालावा. त्याने पाक साखरत नाही. आता कालवलेले पीठ पुन्हा ढवळून पाकात ओतावे आणि मध्यम आचेवर सतत हलवावे. सुरुवातीला मिश्रण पांढरे आणि गुठळ्यागुठळ्यांचे दिसते, त्याने घाबरू नये. सात-आठ मिनिटांत ते लापशीसारखे एकजीव होते आणि कडेपासून पारदर्शक होऊ लागते. तिथून पुढे अर्धी वाटी साजूक तूप एकेक चमचा घालत जावे. आधीचे तूप जिरल्याशिवाय पुढचे घालू नये. खाण्याचा रंग, वेलची, काजूचे तुकडे आणि मगज अखेरीस घालावेत. पंचवीस-तीस मिनिटांनी गोळा कढई सोडतो, डावाबरोबर रबरासारखा उचलला जातो आणि प्यालेले तूप कडेने परत सुटू लागते. त्यापूर्वी उतरवला तर हलवा दाताला चिकटतो. तूप लावलेल्या थाळीत ओतून चार तास न झाकता गार करावा आणि तूप लावलेल्या सुरीने कापावा.

सांजवेळ

सर्वांचे मनापासून आभार. शाळामास्तरांचा अंदाज अगदी बरोबर ठरला: साखर पाहण्यासाठी मी तोच चमचा तीन-चार वेळा पातेल्यात घातला होता, आणि फळेही रात्रीच घातली होती. काल अर्धा लिटर दुधाचे कस्टर्ड पुन्हा केले, चव वेगळ्या वाटीत काढून घेतली, दोन मिनिटे उकळू दिले आणि आज दुपारी फळे घातली. पाण्याचा थेंबही सुटला नव्हता. पीठ बरणीत भरून नाव लिहिले आहे. खळ पाऊस संपल्यावर करीन.

गिरगावकरांच्या प्रमाणाने हलवाही केला. पहिल्या दिवशी उत्तम होता, पण फ्रिजमध्ये ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी पांढुरका आणि कडक झाला. आणि उपवासाचा प्रश्न तेवढा राहिला.

गिरगावकर

हलवा फ्रिजमध्ये ठेवू नये. शाळामास्तरांनी सांगितलेली साखळ्यांची पकड थंडीत लवकर आवळते, त्याचा हा परिणाम आहे. कडक झालेले तुकडे वाफेवर दोन-तीन मिनिटे धरले की पुन्हा मऊ आणि बरेचसे पारदर्शक होतात. पुढच्या वेळी लोणी-कागदात एकेक तुकडा गुंडाळून डब्यात, फ्रिजबाहेर ठेवावा. आठवडाभर चांगला राहतो.

चुलीपाशी

उपवासाला आमच्याकडे धान्य चालत नाही, आणि मका हे धान्यच. म्हणून कॉर्नफ्लोअरही चालत नाही. खरे आरारूट कंदापासून काढतात, कोकणात तवकिराचेही सत्त्व काढतात, ती दोन्ही उपवासाला चालवून घेतात. अडचण अशी की आरारूट म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यात पुष्कळदा दुसराच स्टार्च असतो, त्यामुळे मागच्या बाजूचे घटक वाचून घ्यावेत. आयसिंग शुगर आणि बेकिंग पावडर यांतही बहुतेक वेळा कॉर्नस्टार्च मिसळलेला असतो, हे उपवासाचा केक करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. शेंगदाण्याची आमटी दाट करायची असेल तर शिंगाड्याचे किंवा राजगिऱ्याचे पीठ गार पाण्यात कालवून लावावे. कृती तीच, धार धरून.